रिकाम्या यादीची बेरीज

कन्नमवार नगर, तिसरा मजला, रात्रीचे दोन.
फ्रीजवर राउटर, राउटरवर अण्णांची माकडटोपी,
आणि लॅपटॉप ओट्यावर, कारण सिग्नल तिथेच धरतो.
मी फंक्शनं लिहिते.
बोटभर लांबीची, एकेका कामाची.

दोन दिले की चार देतं.
सोमवारी दिले तरी चार, संकष्टीला दिले तरी चार,
ब्राउझर जुना असो, फोनची काच तडकलेली असो,
चार म्हणजे चार.
कुणाच्या घरात डोकावत नाही,
जाता जाता कुणाची वस्तू हलवत नाही,
बाहेर थेंबही सांडत नाही.
असा माणूस आमच्या इमारतीत एकही नाही,
मला धरून.

लायब्ररीचं नाव रोवळी.
आईची होती, तांदूळ धुवायची, बांबूची.
ती अजून खिळ्याला आहे.
जग तिला ‘रॉली’ म्हणतं. म्हणू दे.
फुकट आहे, कुणीही न्यावी, उसवावी, पुन्हा विणावी.
आत्या विचारते, मग पोट कशावर?
पोटासाठी मी दिवसा पवईत
एका कंपनीची बटणं निळी करते.

खाडाखोड न करणं अण्णांकडून उचललं.
पतपेढीत एकतीस वर्षं.
चुकलेला आकडा त्यांनी कधी खोडला नाही,
लाल रेघ, खाली नवी ओळ, बाजूला सही.
माझ्याकडेही जुनी यादी कुणी बदलत नाही,
तिच्या शेजारी नवी मांडायची.
हे मी बंगळुरूला तासभर इंग्रजीत समजावलं,
टाळ्या पडल्या.
घरी येऊन अण्णांना सांगितलं.
ते म्हणाले, “मग? दुसरं कसं करतात?”

काल लुसाकाहून एका पोराचा निरोप आला:
ताई, तुमची घडी रिकाम्या यादीवर कोसळते.
चालवून पाहिलं.
कोसळते.
सहा वर्षं झाली, कुठकुठल्या पानांत ती जाऊन बसली,
वीजबिलाच्या पानातसुद्धा
(अण्णा त्याला दर महिन्याला शिव्या घालतात,
आत माझं काय आहे ते मी सांगितलेलं नाही),
आणि इतक्या दिवसांत
रिकामी यादी कुणी दिलीच नाही.
किंवा दिली, आणि गप्प बसले.

दुरुस्ती एका ओळीची आहे.
यादीला हात लावण्याआधी सांगायचं
सुरुवात कशापासून.
बेरजेला शून्य.
गुणाकाराला एक.

इथे बोटं थांबली.
काहीच नसलेल्यांचा गुणाकार
एक.
शाळेत सांगितलं असेल, मी तेव्हा
वहीच्या मागच्या पानावर काहीतरी चितारत असेन.
सिद्ध करायला दोन ओळी पुरतात, केलंही.
तरी खिळ्याकडे बघत बसले
बराच वेळ.

साडेचारला नळ खाकरला.
माझ्या याद्या आळशी आहेत, मागितल्याशिवाय
पुढचा आकडा काढत नाहीत.
पाण्याचं तसं नाही. ते येतं तेव्हा उठायचं.
अण्णा पिंपाखाली पाइप लावून आले,
“चारू, अजून जागी?”
म्हटलं, रिकाम्या यादीने अडवलंय.
त्यांनी चष्मा न लावताच पडद्याकडे पाहिलं.
“शून्य लिहायचं. पान कोरं सोडायचं नाही.
कोऱ्या पानावर कुणीही काहीही भरतं.”
आणि चहाला आधण ठेवलं,
दोन कपांचं, मोजून.

चाचण्या चालवल्या. दोनशे अकरा हिरव्या,
एक लाल, मग तीही हिरवी.
लुसाकाच्या पोराचं नाव मदतनिसांत घातलं,
चव्वेचाळिसावं.
बदलाच्या नोंदीत लिहिलं: काही नसेल तेव्हाचंही ठरवलं.
पाठवलं.

मग पायाला गार लागलं.
पिंप केव्हाच भरलं होतं,
आणि आम्ही दोघं बघत होतो
पडद्याकडे.